माग बंद असण्याचं कारण

दिवाणजींनी मला पदवी मिळवून दिली, असं त्या गल्लीत अजून सांगतात. सांगू देत. तीच पदवी त्यांनी एका सकाळी जवळजवळ घालवली होती, हे मात्र कोणाच्या तोंडून निघत नाही. मी सांगायला गेले की बायका माझ्याकडेच बघतात, काय बाई कृतघ्न पोरगी, अशा नजरेनं. म्हणून आता लिहूनच टाकते.

मी मूळची वैरागची. बारावीनंतर घरच्यांनी कॉलेज बंद केलं, तेव्हा सोलापुरात एका करसल्लागाराच्या ऑफिसात बिलं कॉम्प्युटरवर चढवायला लागले. साहेब म्हणाले, "पदवी घे, तुला ऑडिटच्या कामाला घेतो. नाहीतर जन्मभर बिलंच चढवशील." नोकरी सोडून कॉलेजला जाणं शक्य नव्हतं, म्हणून ऑनलाइन अकाउंटिंगच्या पदवीला नाव घातलं. आणि स्वस्त मिळाली म्हणून पूर्व भागात, एका मागाच्या कारखान्याला लागून असलेल्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली. माझ्या नशिबात काय वाढून ठेवलंय हे तेव्हा कळलं असतं, तर मी एसटी स्टँडवर झोपले असते.

घरमालक खाली एकटेच राहायचे. टॉवेलच्या एका मोठ्या कारखान्यात जन्मभर दिवाणजी होते. हिशेब, साठा, पगार, सगळं त्यांच्याकडे. कारखाना बंद पडला, पण दिवाणजी हे नाव राहिलं. घरची भाषा तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी. पांढरा सदरा, खिशाला तीन पेनं, निळं, लाल आणि हिरवं. हिरवं फक्त ऑडिटरनं वापरायचं, म्हणून ते त्यांनी कधी उघडलंच नाही, नुसतं वागवलं.

खोली बघायला गेले त्या दिवशी मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं, "छान आहे खोली."

"कशावरून? नळ सोडून बघितलीस? खिडकी लावून बघितलीस?"

मी नळ सोडला. पाणी आलं नाही. पाणी पाच दिवसांनी येतं आणि आज चौथा आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

"आता म्हण, छान आहे म्हणून," म्हणाले.

त्यांचा सगळा जन्म एकाच प्रश्नावर चालला होता: "कोण बघितलं?" दूध नासलं म्हटलं, कोण बघितलं? बस चुकली म्हटलं, जाताना तू बघितलीस, की कोणी सांगितलं? एकदा मला ताप आला म्हणून मी ऑफिसला गेले नाही, तर हे थर्मामीटर घेऊन वर. शंभर पॉइंट चार भरला. "शंभरच्या वर आहे, झोप," म्हणाले, आणि थर्मामीटर धुऊन, पुसून, पुन्हा एकदा माझ्या हातात दिला. एकदा बघितलेलं ते धरायचेच नाहीत.

दुसरं वेड म्हणजे रेघ. कागदावर मोकळी जागा दिसली की हे अस्वस्थ. "मोकळी जागा सोडायची नाही, अम्मा. मागनं कोणीतरी काहीतरी घुसडतो. रेघ मारून टाक." भाडेकरारात सगळीकडे रेघा. माझ्या वहीत रेघा. वाढदिवसाला ऑफिसातल्या मुलींनी मला कार्ड दिलं, ते टेबलावर राहिलं. संध्याकाळी येऊन बघते तर शुभेच्छांच्या खाली राहिलेल्या जागेवर तिरकी लाल रेघ आणि तारीख. मला रडूच आलं. यांना आपलं काही चुकलं असं वाटलंच नाही. "आता त्यात कोण काय लिहील?" म्हणाले.

अभ्यासाला मी पहाटेची वेळ धरली होती. मोबाईलवर व्हिडिओ लावला की खालून चपला वाजायच्या. चहाचा पेला घेऊन दिवाणजी दारात. व्हिडिओत टाय घातलेले एक सर शिकवायचे. त्यांना हे 'टायवाला' म्हणायचे. टायवाल्यानं घसारा शिकवायला घेतला. समजा एक यंत्र आहे, त्याची किंमत दरवर्षी दहा टक्क्यांनी कमी होते.

"थांबव त्याला. कुठलं यंत्र? तेल कोण घालतं त्याला?"

"दिवाणजी, उदाहरण आहे ते."

"उदाहरणाला तेल लागत नाही काय? विचार की त्याला."

"तो ऐकत नाही. रेकॉर्डिंग आहे."

"ऐकत नाही तर शिकवतो कशाला?"

वीस मिनिटांचा व्हिडिओ, सव्वा तास. रोज! कायद्याच्या पेपरात करार आला, तर माझा भाडेकरार पुन्हा काढून मला मोठ्यानं वाचायला लावला. हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं, तर म्हणे, "एकीकडे लिहिलं की दुसरीकडे आपोआप जातं? मग त्या आपोआपवर लक्ष ठेव. माणूस चोरी करताना घाबरतो तरी." कॉस्टिंगमध्ये, म्हणजे वस्तू बनवायला काय खर्च येतो त्या विषयात, मालाचं नेहमीचं नुकसान आणि नेहमीचं नसलेलं नुकसान असा भेद असतो. एक व्याख्या पाठ केली की संपलं. पण नाही! मला शेजारच्या कारखान्यात नेलं, मागाखाली वाकायला लावलं, सुताचा कचरा मुठीत घेऊन दाखवला. "हा रोज पडतो. हा नेहमीचा." मग कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेला टॉवेल दाखवला. "हा नेहमीचा नाही." कारखान्याचे मालक हसत होते. मी दोन दिवस शिंकत होते. परीक्षेत तो प्रश्न आला आणि पूर्ण मार्क पडले. तरीही मी म्हणेन, की व्याख्येनं भागलं असतं.

वैरागला आईला फोनवर रडगाणं सांगितलं तर ती म्हणाली, "आगं, म्हातारं एकलं माणूस हाय. ऐकून घे की. तुला काय पैसं पडत्यात का?"

पैसे पडले असते तर बरं झालं असतं. मी नापास झाले. तेही ऑडिटमध्ये, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. ऑडिटच्या पुस्तकात नमुना तपासणी असते. शंभर गठ्ठे असले तर ठरावीक पद्धतीनं दहा निवडायचे, ते मोजायचे आणि त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधायचा. दिवाणजी हे ऐकून खवळले. "आणि उरलेले नव्वद कोण बघितलं?" रविवारी मला कारखान्यात नेऊन आधी पुस्तकाप्रमाणे दहा निवडायला, मग शंभरच्या शंभर गठ्ठे मोजायला लावले. मोजणीच्या दिवशी मालकाचा चहा घ्यायचा नाही, पाणीसुद्धा नाही, हा यांचा नियम. घसा कोरडा पडला. दोन गठ्ठ्यांत टॉवेल कमी निघाले, दोन्ही त्या उरलेल्या नव्वदांतले. दिवाणजी चौथीतल्या पोरासारखे खूष. आणि मी शहाणी! पेपरात लिहून आले की नमुना तपासणी पुरेशी नाही, उरलेलेही मोजावेत. टायवाल्याच्या लोकांनी मला काय द्यायचे ते मार्क दिले.

आता एकच संधी राहिली होती. माझी नोंदणी त्या उन्हाळ्यात संपत होती. बाकी सगळे विषय सुटले होते, पण ऑडिट नाही सुटलं तर सगळी वर्षं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून. साहेबांनी जागा धरून ठेवली होती, तीही जाणार. आणि गावाकडून दादाचा निरोप आला होता, "आता न्हाय निघालं तर गप गाव गाठायचं. एक स्थळ बघून ठिवलंय."

परीक्षा घरूनच द्यायची होती. कॅमेरा चालू, माइक चालू. खोलीत दुसरा माणूस दिसला किंवा आवाज आला की ताकीद. तीन ताकिदी झाल्या की पेपर बंद. सरावाचा पेपर दिला, तर मागांच्या खडखडाटानं पाचव्या मिनिटाला तो बंद पडला. मी म्हटलं, मैत्रिणीकडे जाते.

दिवाणजींना ते लागलं. "माझ्या घरात परीक्षा होत नाही काय? मी बघतो."

ते कारखान्यात गेले आणि परीक्षेच्या दिवशी अकरा ते एक माग बंद ठेवायचं ठरवून आले. माझा विश्वासच बसेना. विणकरांना कामावर मजुरी, मालकाला ऑर्डरीची घाई. कबूल कसे झाले? "काही नाही," दिवाणजी म्हणाले, "सहा महिने तू त्यांची रिटर्नं फुकट भरून देणार आहेस. आणि त्यांनी विणकरांची दोन तासांची मजुरी द्यायची. मी सांगून टाकलो."

मला विचारलं? छे! पण खरं सांगते, त्या रात्री मी साडेतीन वर्षांत पहिल्यांदा दिवाणजींबद्दल चांगला विचार केला. तो सकाळी अकरापर्यंत टिकला.

बरोबर अकराला पाच कमी असताना माग थांबले. कानात दडा बसावा तसं झालं. खाली जिन्याच्या पायरीवर दिवाणजी पहारा करत बसलेले. पेपर उघडला. पहिला प्रश्न येत होता. दुसराही येत होता. तिसऱ्या प्रश्नाला खाली चपलांचा आवाज आला. एक जोडी, मग चार, मग पुष्कळ.

आता इथली रीत सांगायला हवी. गल्लीत दिवसा माग बंद होतात ते दोनच कारणांनी. लाइट गेली तर, किंवा कोणी गेलं तर. मयत उचलेपर्यंत माग चालवायचा नाही, हा तिथला मान आहे. लाइट गेली की पंखेही थांबतात. त्या दिवशी घरोघर पंखे फिरत होते आणि माग बंद होते. म्हणजे कोणीतरी गेलं. आणि गल्लीत सगळ्यांत म्हातारं कोण? ज्या माणसानं सत्तर वर्षं ही रीत पाळली, त्याच्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं!

खालून बाईचा हुंदका आला आणि मग दिवाणजींचा आवाज, "कोण म्हणालं मी गेलो म्हणून? कोण बघितलं?"

मागांच्या खडखडाटात जन्म काढलेल्या माणसाला हळू बोलणं म्हणजे काय ते माहीतच नसतं. पहिली ताकीद.

"अरे, मी जिवंत आहे! हळू बोला! वर परीक्षा चालू आहे!" दुसरी ताकीद.

तिसरी अव्वामुळे. अव्वा म्हणजे कोपऱ्यावरची म्हातारी. तिला ऐकू येत नाही, लिहिता-वाचता येत नाही. माग थांबले की फरशीची थरथर थांबते, त्यावरून तिला कळतं. ती गर्दीकडे न बघता सरळ बाहेरच्या जिन्यानं वर आली, दार ढकललं आणि "आता तुला कोण गं बाई," म्हणत मला गळ्यात घेऊन रडायला लागली. तिच्या हातात झेंडूचा हार होता. स्क्रीनवर मला आम्ही दोघी दिसत होतो, मी, अव्वा आणि हार. मग ती चौकट काळी झाली आणि लिहून आलं की आपली परीक्षा थांबवण्यात आली आहे.

मी खाली उतरून दिवाणजींना नाही नाही ते बोलले. सगळ्या गल्लीसमोर. तुम्ही मेला असतात तर बरं झालं असतं, असंही बोलले. ते अव्वाचा हार हातात घेऊन उभे राहिले. मग म्हणाले, "एक वाजेपर्यंत माग लावू नका म्हणावं. बोली दोन तासांची आहे."

परीक्षा का थांबली याचं कारण तीन दिवसांत कळवायचं होतं. यादीतून निवडायचं: वीज गेली, इंटरनेट गेलं, आजारपण, घरात मृत्यू, इतर. मी म्हटलं 'वीज गेली' टाकते, सगळे तेच टाकतात. दिवाणजी वर आले, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"वीज गेली होती?"

"नव्हती."

"मग?"

"मग घरात मृत्यू टाकू? सगळी गल्ली भेटायला आली होती. साक्षीदार आहेत!"

"मयत कुठाय?"

"दिवाणजी, माझं आयुष्य आहे हो हे!"

"म्हणूनच म्हणतो. ऑडिटच्या परीक्षेला खोटं कारण लिहिलीस, तर पास होऊन काय करणार?"

मी ओरडले, भांडले, जेवले नाही. शेवटी 'इतर' निवडलं आणि दोनशे शब्दांत सगळं खरं लिहिलं. माग, रीत, अव्वा, हार, सगळं. ते वाचून माझं मलाच खोटं वाटत होतं. दिवाणजींनी शब्द मोजले. एकशे चौऱ्याण्णव भरले. उरलेल्या जागेत रेघ मारता येत नाही म्हणून ते हळहळले. मग मालकांचं लेखी म्हणणं घेतलं, अकरा विणकरांच्या सह्या घेतल्या, अव्वाचा अंगठा घेतला आणि ते सगळं मला स्कॅन करून जोडायला लावलं.

महिनाभर उत्तर नाही. दादानं स्थळाकडच्यांना तारीख दिली. मी दिवाणजींशी बोलणं टाकलं होतं. भाडं पाकिटात घालून पायरीवर ठेवलं. त्यांनी पाकिटावरच्या मोकळ्या जागेवर रेघ मारून, पावती आत घालून, ते परत माझ्या दारात ठेवलं.

एका दुपारी ऑफिसात फोन आला. परीक्षा विभागातल्या बाई होत्या. म्हणाल्या, "तुमचा अर्ज वाचला. त्या दिवशी वीज गेल्याचे ढिगानं अर्ज आलेत, हा असला एकच आहे. हे खरं आहे?" मी म्हटलं, खरं आहे. "आजी खरंच हार घेऊन आल्या?" मी म्हटलं, हो. पलीकडे बाई हसायला लागल्या. मला केंद्रावर जाऊन पुन्हा पेपर द्यायची परवानगी मिळाली.

केंद्रावर जाताना मी दिवाणजींना शपथ घातली, की घराबाहेर पडायचं नाही. नमुना तपासणी आलीच होती. पुस्तकात आहे तसं लिहिलं. एकसष्ट मार्क मिळाले.

"उरलेले एकोणचाळीस कुठं गेले?" दिवाणजी म्हणाले. मी मोबाईलवर निकाल दाखवला, तर चष्मा वर करून बघितला आणि परत दिला. "मोबाईलवर काहीही दिसतं की. पदवीचा कागद येऊ दे. तो मी हातात घेऊन बघतो. मग हिरवी खूण करतो." आणि खिशातल्या हिरव्या पेनावर बोट ठेवलं.

आमच्या त्या तमाशानंतर गल्लीत एक नवीनच सुरू झालं. ज्याच्या घरी परीक्षा, तो मालकांकडे येऊन तासभर माग बंद ठेवायला सांगायला लागला. दहावीची, बारावीची, भरतीची, कसली ना कसली. पुन्हा कोणी हार घेऊन येऊ नये म्हणून दिवाणजींनी कारखान्याच्या दाराशी फळा लावला. त्यावर पक्क्या रंगात तीन ओळी: माग बंद असण्याचं कारण. किती वेळ. खात्री केली. पुढचं खडूनं भरायचं आणि शेवटी दिवाणजींची सही. दुसऱ्या कोणी फळ्याला हात लावायचा नाही. लोकांना सवय झाली. माग थांबले की बायका मुलांना म्हणायच्या, हळू रे, कुणाचीतरी परीक्षा आहे. अव्वा तेवढी फरशी थांबली की काठी घेऊन निघायची. तिला फळा कुठला वाचता येतोय! ती घराघरात डोकावून, सगळे जिवंत असल्याचं बघून परत जायची. दिवाणजी तिच्यावर चिडायचे.

मला ऑडिटचं काम मिळालं. दादानं स्थळ मोडलं आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाही. ऑफिस जवळ पडावं म्हणून मी सात रस्त्याकडे राहायला गेले. दिवाणजींचा दर रविवारी फोन, "कागद आला काय?" नाही आला. "विचारलीस?" विचारलं. "कोणाला?" मी वैतागून फोन ठेवून द्यायचे.

कागद आला तो सात महिन्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी तो घेऊन निघाले. गल्लीत शिरले तर माग बंद. उघड्या दारांतून पंखे फिरताना दिसत होते. नळावरची एक बाई ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू जा गं, परीक्षा चालूय कुणाची तरी." फळ्यावर लिहिलेलं होतं, कारण: परीक्षा. किती वेळ: एक तास. खाली सही. मी चपला हातात घेतल्या आणि पायऱ्यांपर्यंत चोरपावलानं गेले. आज तरी हा माणूस हळू बोलू दे, म्हटलं.

दार उघडं होतं. दिवाणजींना खाली चटईवर ठेवलेलं. उशाशी अव्वा बसलेली. दुसरं कोणी नाही. भिंतीला टेकून मालक तेवढे उभे होते, त्यांचे डोळे लाल झाले होते. म्हणाले, "पहाटे गेले. चहाला आले नाहीत म्हणून मी बघायला आलो. त्यांच्या लेकीला फोन केलो, माग बंद केलो. पाऊण तास झाला. अव्वा सोडली तर एक माणूस आला नाही. असं कसं गं? एवढं केलं त्यांनी गल्लीसाठी."

मला आधी राग आला. देवाशपथ, रागच आला. फळ्यावरची परीक्षा कालची होती. तो पुसायचं काम यांचं, लिहायचं काम यांचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही हा नियमही यांचाच. मग आता कोण लिहिणार होतं?

मी कागद त्यांच्या हाताखाली ठेवला. सदरा खुंटीला होता. खिशातलं हिरवं पेन काढून कागदाशेजारी ठेवलं. मग बाहेर गेले आणि पदरानं फळा पुसला. कारण: दिवाणजी गेले. अक्षर वाईट आलं. पुढची ओळ, किती वेळ. तिथं काय लिहायचं ते मला सुचेना. मोकळी सोडली असती तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं. मी तिथं रेघ मारली.

खात्री केली, याच्यापुढे मी माझी सही केली. मी बघितलं होतं. नळावरच्या बाईनं मान वळवून फळा वाचला, तिच्या हातातली घागर खाली आली, आणि गल्लीत चपला वाजायला लागल्या.